सासऱ्यांचा रेडिएटर

मोशीपासून चाकणपर्यंत रोज जेवढी वाहनं एकमेकांच्या बुडाला नाक लावून उभी असतात, त्यांतल्या एकाही वाहनाच्या रेडिएटरचे माझ्या सासऱ्यांच्या जीपच्या रेडिएटरइतके लाड झालेले नसतील, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. वाहनांचं सोडा, पोटच्या पोराचेही झालेले नाहीत. हे मत माझं नसून त्या पोराचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं आहे. त्याला लहानपणी आंघोळ घालायला वडिलांना कधी सवड मिळाली नाही, पण रेडिएटरला मात्र दर दोन महिन्यांनी रविवारी सकाळी नऊ वाजता साग्रसंगीत अभ्यंगस्नान असतं. त्या दिवशी आमच्या घरी पाहुण्यांनी यायचं नसतं, कोणी आजारी पडायचं नसतं आणि जिन्यातून खाली येणाऱ्या प्रत्येकानं पार्किंगमध्ये दोन मिनिटं थांबून ‘व्वा अण्णा, चकाचक’ असं म्हणायचं असतं. जो म्हणत नाही, त्याच्या गाडीच्या बॉनेटकडे अण्णा पुढचा आठवडाभर करुणेनं बघतात.

अण्णा मूळचे लातूरकडचे. विशीत भोसरीच्या एका कारखान्यात लागले आणि तिथेच निवृत्त झाले. कारखाना रेडिएटरचा, आणि अण्णांचं काम म्हणजे तयार रेडिएटरची तोंडं बंद करून तो पाण्याच्या हौदात बुडवायचा, आत हवा भरायची आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. बुडबुडा आला की रिजेक्ट, नाही आला की पास. एकतीस वर्षं हा माणूस हौदातल्या पाण्याकडे बघत बसला. पास झालेल्या रेडिएटरच्या पितळी टाकीवर ते आपला पंच ठोकायचे, एक छोटा गोल आणि त्यात सतरा हा आकडा. कारखान्यात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे, ‘सतरा नंबर’ म्हणत. निवृत्तीच्या दिवशी नारळ मिळाला, शाल मिळाली, सगळं मिळालं, पण पंच जमा करून घेतला. त्या पंचाची आठवण निघाली की ते अजून हळवे होतात. नारळाचं काय झालं ते त्यांना आठवत नाही.

पंच गेला तरी तपासणी काही सुटली नाही. हौद नव्हता, म्हणून त्यांनी घरालाच हौद मानलं. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या रविवारी मोठ्या हौसेनं पुऱ्या केल्या होत्या. अण्णांनी ताटातली एकेक पुरी उजेडाकडे धरली, बोटानं हलकेच दाबली, आणि शेवटी ताट माझ्याकडे सरकवत गंभीरपणे म्हणाले, “बारा पास, तीन रिजेक्ट. कडेला लीक हाय.” सासूबाईंनी मला आत नेऊन समजावलं की रडायचं कारण नाही, त्यांच्या पहिल्या घाण्यात नऊ रिजेक्ट निघाल्या होत्या. गरम पाण्याची पिशवी असो, कुकरची रिंग असो, नातवाचा फुगा असो, जे जे फुगतं किंवा भरतं ते ते आमच्याकडे बादलीत बुडवून बघितलं जातं. माझ्या ऑफिसच्या डब्यात पाणी भरून तो रात्रभर वर्तमानपत्रावर पालथा ठेवलेला असे, आणि सकाळी कागद कोरडा निघाला की डब्याच्या बुडावर खडूनं ‘ओके’ लिहून मिळे. चाकणला आमच्या परचेस खात्यात मी जेवायला बसले की मैत्रिणी आधी माझा डबा उलटा करून बघायच्या आणि मगच भाजीची चौकशी करायच्या.

हा ‘ओके’ लिहिण्याचा अधिकार मात्र फक्त त्यांचा. एकदा माझ्या नवऱ्यानं घाईत एका बादलीवर न बघताच ओके लिहिलं. बादली खरोखरच चांगली होती, पण अण्णा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “ज्यानं डोळ्यानं बगितलं त्यानंच लिहायचं. दुसऱ्यानं लिहिलं तर ती नुसती खडूची रेघ.”

आता पाण्याचं सांगते. आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी इतकं जड, की चहाच्या भांड्यालाही आठवड्यात पांढरा थर धरतो. ते पाणी रेडिएटरच्या पोटात जाणार, या कल्पनेनंच अण्णांना कसंतरी होई. म्हणून त्यांनी एसीचं पाणी गोळा करायला सुरुवात केली. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षाररहित असतं, हे त्यांनी आधी आम्हाला, मग मजल्याला आणि मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात समजावून सांगितलं. त्यानंतर आमच्या इमारतीतल्या प्रत्येक एसीच्या नळीखाली त्यांची एकेक बाटली लागली आणि प्रत्येक बाटलीवर फ्लॅटचा नंबर. पाण्यावरून ते माणसं ओळखू लागले. “तीनशेचारची माणसं नीटनेटकी. फिल्टर धुत्यात,” किंवा “दोनशेएकचं काही खरं न्हाई, पाण्यात धूळ लई येती.” दिवाळीनंतर हवा गार झाली, एसी बंद झाले आणि पाणी आटलं, तेव्हा त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या नवपरिणीत जोडप्याला, “तुमाला उकडत न्हाई का?” असं विचारलं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन दिवस एसी लावला आणि दोघांनाही सर्दी झाली.

प्रत्यक्ष स्नानाचा विधी बघण्यासारखा असे. पहिला नियम असा, की गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. हा नियम अण्णा माणसांनाही लावतात. घरात कोणाचं भांडण झालं की ते मध्ये पडत नाहीत, “अजून गरम हाय” म्हणून बाल्कनीत जाऊन बसतात. गाडी थंड झाली की खालचा नळ सोडून जुनं कूलंट, म्हणजे औषध मिसळलेलं थंडाव्याचं पाणी, एका कॅनमध्ये घ्यायचं. ते गटारात सोडायचं नाही, कारण गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. मग नळ्या काढायच्या, बोल्ट काढायचे, रेडिएटर तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि पाटावर ठेवायचा. पाणी पंख्याच्या बाजूनं मारायचं, म्हणजे घाण ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं बाहेर जाते. तेही बेतानं, कारण जोरात मारलं तर पातळ पत्रे वाकतात. वाकलेले पत्रे सासूबाईंच्या जुन्या फणीनं सरळ करायचे. आतून लिंबू सत्त्वाचं पाणी फिरवायचं. या लिंबू सत्त्वामुळे आमच्या घरी ढोकळा ऐन वेळी रद्द होतो, पण त्याची तक्रार करायची नसते.

आणि ही सगळी पूजा कोणाची, तर एका जुनाट पांढऱ्या जीपची. दाराला वरून धक्का दिल्याशिवाय ते लागत नाही, काच हातानं ओढून वर घ्यावी लागते. घेतली तीच जुनी. नवरा सांगतो, की घ्यायच्या वेळी त्याच आवारात हिच्यापेक्षा चांगल्या दोन गाड्या उभ्या होत्या. अण्णांनी या जीपचं बॉनेट उघडलं, आत डोकं घालून कितीतरी वेळ बघितलं आणि हीच घेणार म्हणाले. का, ते कधी सांगितलं नाही. या जीपवरूनच गेल्या वर्षी आमच्या घरात बाका प्रसंग उभा राहिला. तो उभा केला अण्णांच्याच एका नियमानं.

कारखान्यात पुढे पुढे जपानी पद्धत आली होती. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक वस्तू जागेवर, आणि जी वस्तू वापरात नाही तिला लाल चिठ्ठी. चिठ्ठीवर चार रकाने असत: वस्तूचं नाव, शेवटचा वापर, कोणाला लागते, निर्णय. महिन्याभरात ‘कोणाला लागते’ या रकान्यात कोणी आपलं नाव लिहिलं तर वस्तू राहते, नाही लिहिलं तर बाहेर. अण्णांनी ही पद्धत जशीच्या तशी घरी आणली. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठाच दिवाणाखाली आहे. पुरणयंत्राला चिठ्ठी लागली, नवऱ्याच्या गिटारला लागली, माझ्या लग्नाच्या शालूलाही लागली. शालू मी नाव लिहून वाचवला, गिटार गेली. एका दुपारी अण्णा दिवाणावर घोरत असताना सासूबाईंनी त्यांच्याच पायाच्या अंगठ्याला लाल चिठ्ठी बांधली. नाव: मालक. शेवटचा वापर: आठवत नाही. अण्णा उठले, चष्मा लावून चिठ्ठी वाचली आणि जराही न हसता पेन काढून विचारलं, “इथं कोणाचं नाव लिहू? कोणाला लागतंय?” सासूबाई कांदा चिरत आतूनच म्हणाल्या, “लिवा माजंच. दुसरं कोण घेऊन जातंय?” ती चिठ्ठी अण्णांनी आपल्या पाकिटात जपून ठेवली आहे. मी स्वतः पाहिली आहे.

मग अण्णांच्या डोळ्यांचं निघालं. ते माणसांकडे तिरकं बघायला लागले होते. आम्हाला वाटलं, राग आहे. दोनशेएकवाल्यांना तर खात्रीच होती. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की पडद्याचं दुखणं आहे, बरं व्हायचं नाही, आहे तेवढं टिकवायचं. मधोमध बघितलं की धुरकट, कडेकडेनं दिसतं. गाडी चालवणं बंद. अण्णांनी ते फार शांतपणे ऐकून घेतलं. डॉक्टरांना एवढंच विचारलं, “बुडबुडा दिसंल का?” डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही.

जीप उभी राहिली. तरी अण्णा रोज खाली जाऊन किल्ली फिरवत, पाच मिनिटं इंजिन चालवत आणि कानानं ऐकत. एके दिवशी नवऱ्यानं बाल्कनीतून पाहिलं, तर अण्णांनी गियर टाकून गाडी दहा हात पुढे घेतली होती आणि पुढे तीनशेचारचं पोर सायकल फिरवत होतं. काही झालं नाही. अण्णा वेळेवर थांबले. पण नवरा घाबरला आणि घाबरलेला माणूस चिडतो तसा चिडला. त्यानं दिवाणाखालचा गठ्ठा ओढला, एक चिठ्ठी लिहिली आणि खाली जाऊन जीपच्या आरशाला बांधली. शेवटचा वापर, त्यानं लिहिलं होतं, सहा महिन्यांपूर्वी. “तुमचाच नियम आहे अण्णा. महिना वाट बघू, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो.”

आम्हाला वाटलं आता स्फोट होणार. सासूबाईंनी मला खुणेनं बजावलं की आज झाकण उघडायचं नाही. पण अण्णांनी चिठ्ठी तशीच राहू दिली. नियम त्यांचा होता. त्या महिन्यात त्यांनी पुरी उजेडाकडे धरली नाही, डब्यावर ओके लिहिलं नाही, एसीच्या बाटल्या भरून वाहू लागल्या तरी उचलल्या नाहीत. आरशाला चिठ्ठी लटकत राहिली आणि तिसरा रकाना कोराच राहिला. नवराही मनातून खजील झाला होता. पण त्या पोराची सायकल आठवली की चिठ्ठी सोडायला खाली गेलेला परत वर यायचा. तो चुकत नव्हता, आणि त्यामुळेच कोणाला काही बोलता येत नव्हतं.

महिना संपायच्या आधीच्या रविवारी सकाळी नऊ वाजता अण्णा पाना घेऊन दारात उभे राहिले. “सूनबाई, जरा खाली येतीस का? रेडिएटर धुवायचाय.”

“अण्णा, बुधवारी भंगारवाला येणार आहे,” मी म्हणाले. बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली.

“म्हणून तर. घाण माल पुडच्याला द्यायचा न्हाई.”

मी इतकी वर्षं बाल्कनीतून ‘चकाचक’ म्हणणारी. रेडिएटरला हात लावायची ती पहिलीच वेळ. अण्णा चाचपडत बोल्ट काढत होते, पण बोटं चुकत नव्हती. पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं. “हळू. आगीचा बंब हाय का त्यो?” मग फणी माझ्या हातात दिली. पत्रे सरळ करता करता मी वरच्या पितळी टाकीची कड चिंधीनं पुसली, तर काजळीखाली काहीतरी हाताला लागलं. अजून पुसलं. छोटा गोल होता, आणि त्यात सतरा.

मी नुसती बघत राहिले. अण्णांना माझा हात थांबलेला कळला. “दिसला का?” ते म्हणाले. “माजाच हाय. हजारो पास केले, सगळे गेले कुटंकुटं. एकबी परत दिसला न्हाई. ही गाडी बघायला गेलो तर हा समोर. म्हणलं, चला घरी.”

“घरात कोणाला सांगितलं नाही ते?”

“हसले असते की.” आणि खरंच, आम्ही हसलो असतो.

मग त्यांनी वरून नातवाचा आंघोळीचा मोठा टब आणायला लावला. रेडिएटरची तोंडं जुन्या चपलेच्या रबरानं बंद केली, सायकलच्या पंपाची नळी जोडली आणि रेडिएटर पाण्यात बुडवला. पंप ते मारू लागले आणि मला म्हणाले, “बग.” ते स्वतः मान तिरकी करून पाण्यावर वाकले होते, पण त्यांना पाणी धड दिसत नव्हतं हे मला कळत होतं. पाणी हललं, मग निवळलं.

“बुडबुडा?”

“नाही.”

“नीट बग. माजं मन राखायला सांगू नकोस.”

मी गुडघ्यांवर बसले. एकेक कोपरा, एकेक सांधा बघितला. आयुष्यात कुठल्याही कागदाकडे मी इतकं लक्ष देऊन बघितलेलं नाही. “नाही अण्णा. एकही नाही.”

ते सरळ झाले. शर्टाच्या खिशातून खडू काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “तू बगितलंस. तूच लिही.”

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग तोच खडूनं माखलेला हात मी पदराला पुसला, आरशाची चिठ्ठी ओढली आणि अण्णांच्या खिशातल्या पेननं ‘कोणाला लागते’ या रकान्यात माझं नाव घातलं. अण्णांना वाचता आलं नाही, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं.

“तुला चालवता येती का?”

“नाही.”

“मग ही खोटी नोंद झाली.”

“शिकवा की मग. खरी होईल.”

त्यांनी रेडिएटर जागेवर बसवला. बोल्ट आवळायला लागले, आणि थोड्या वेळानं त्याच तिरक्या मानेनं, रागावल्यासारखं म्हणाले, “तीनशेचारची बाटली घेऊन ये. त्यांचं पाणी चांगलं असतंय.”

आता मी त्या जीपनं चाकणला जाते. ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसानं मला गाडी चालवायला शिकवलं, पण गाडी ऐकायला अण्णांनी शिकवलं. सुट्टीच्या दिवशी ते डावीकडे बसतात आणि चौकाचौकात विचारतात, “काटा कुटं हाय?” मी तापमानाचा काटा बघून सांगते, मध्यावर. मग ते समाधानानं खिडकीबाहेर बघतात. काय दिसतं त्यांना, मी विचारत नाही. घरातला खडूही आता माझ्याकडे असतो. नवऱ्याच्या डब्यावर मीच ओके लिहिते, आणि मध्यंतरी तीन पुऱ्या मी स्वतःच्याच रिजेक्ट केल्या. अण्णांचं दिसणं मात्र कमी कमी होत चाललं आहे. पाटाजवळ स्टूल टाकून ते बसतात आणि मी धुते.

गेल्या रविवारी टबात बुडबुडा आला. खालच्या सांध्याशी, मोहरीएवढा, आणि त्याच्यामागून आणखी एक. माझा पंप क्षणभर अडखळला. नाही म्हणाले असते तर चाललं असतं, त्यांना कळलं नसतं. पण खडू आता माझ्याकडे होता.

“आला ना?” अण्णांनी विचारलं.

“आला अण्णा. बारीक आहे. खालच्या कडेला.”

मला वाटलं, सतरा नंबरचा माल रिजेक्ट झाला म्हणून त्यांना वाईट वाटेल. पण ते स्टुलावरून घाईनं उठून टबापाशी उकिडवे बसले. बाही वर सारली. “कुटं? दाखव.” मी त्यांचं बोट धरलं आणि पाण्यात त्या जागेवर नेऊन टेकवलं. बुडबुडे एकेक करून त्यांच्या बोटाला लागून वर येऊ लागले.

“हां. हाय की,” ते म्हणाले. “झाळ मारून सांधा बुजवून घेऊ.” त्यांचा चेहरा उजळला होता. आणि मी पंप थांबवू का विचारलं तर नको म्हणाले, बोट तिथेच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले.